परातीवरचं साल

आधी त्यांचं सांगते, मग बाकीचं. पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीच्या कडेला, एक गृहस्थ बसतात. भांड्यांवर नावं घालायचं त्यांचं काम. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर गोणपाट आणि हातात जाडसर पेनासारखं दिसणारं मशीन. मी त्यांना काका म्हणते. ते मला एरवी 'बाई' म्हणतात आणि चिडले की 'विदुषी'. माझा इतिहासाचा निबंध उभा राहिला तो या काकांमुळे. घरच्यांनी, शेजारणींनी, सरांनी, सगळ्यांनीच हात लावला, पण काकांनी आधी तो पाडला आणि मग उभा करून दिला. पाडण्याबद्दल मी त्यांची जास्त ऋणी आहे.

नावं मी इथे कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांची भांडी मी पाहिली त्यांनी तसं कबूल करून घेतलंय. काकांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "नावं घालायचं काम माझं आहे. तुम्ही कशाला घालता?"

मी मूळची भंडाऱ्याकडची. शाळा सातवीपर्यंत. आठवीला नदीपलीकडच्या गावाला जावं लागायचं, आणि त्या साली धानाच्या रोवणीला घरात हात कमी होते. आधी आठ दिवस गेले नाही, मग पंधरा दिवस, आणि नंतर कुणी विचारलंच नाही. शाळा सोडायची असं कुणी ठरवलं नव्हतं. लग्न झाल्यावर नवऱ्यामागे पुण्यात आले. येरवड्याच्या आमच्या वस्तीत आमच्या भागातली पुष्कळ घरं आहेत, बहुतेक बौद्ध, थोडी इतर. मी कोथरूडला सहा घरी पोळ्या करते. मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी तिनेच मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणला आणि म्हणाली, दहावी नसली तरी चालते, आधी एक पूर्वतयारीची परीक्षा द्यायची. दिली. मग बी.ए. झालं, मग एम.ए.ला नाव घातलं. वर्गात बसताना मला अजूनही वाटायचं, कुणीतरी दारात येऊन म्हणेल, "या बाई, तुम्ही चुकून आलात." ओळखपत्र मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि दर थोड्या वेळाने चाचपून बघायची.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी एक संशोधन निबंध द्यावा लागतो. मी विषय घेतला आमच्या वस्तीचा, आमच्याकडचे लोक इथे कधी आणि कसे आले. पहिला कच्चा मसुदा रविवारी सदाशिव पेठेतल्या अभ्यासकेंद्रात सरांपुढे ठेवला. सरांनी चार पानं उलटली.

"छान लिहिता तुम्ही," ते म्हणाले. "वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण निबंधात पाणी चालत नाही. 'असं म्हणतात', 'जुनी माणसं सांगतात', हे किती वेळा आलंय मोजलंत का?"

मी नाही म्हणाले.

"मी पण नाही मोजलं, कंटाळा आला. अहो, त्या काळात तयार झालेलं काहीतरी आणा. कागद, पावती, पत्र, काहीही. प्राथमिक साधन नसेल तर मी पुढे पाठवणार नाही. तुमच्या नोंदणीची मुदत यंदा संपतेय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तेच रात्रंदिवस डोक्यात होतं. यंदा निबंध गेला नाही तर नाव कमी होणार आणि सगळं पुन्हा भरायचं. मला पुन्हा कुणी घरातून सोडेल, पुन्हा मीच स्वतःला सोडेन, याची मला खात्री नव्हती.

मग मी शोधत फिरले. एका दप्तरखान्यात गेले. तिथे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, त्यांना रुमाल म्हणतात. माझ्या शेजारी एक मुलगा लॅपटॉप लावून मोडी वाचत होता, भराभरा, पेपर वाचावा तसा. टेबलामागच्या बाईंनी मला विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, आमच्या वस्तीचं काही. त्या म्हणाल्या, "इथे सरदार आहेत, इनामं आहेत, लढाया आहेत. वस्ती नाही." वाईट मनाने नाही म्हणाल्या. खरंच नव्हती. मग घरपट्टीच्या पावत्या शोधल्या, त्या अलीकडच्याच निघाल्या. रेशनकार्डं तर बदलली की जुनी जमा करून घेतात. एका घरात लग्नाची पत्रिका सापडली, तिचा अर्धा भाग उंदरांनी खाल्लेला, नेमका तारखेचा.

साधन सापडलं ते विहारात. जयंतीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी बायका भांडी वाटायला बसतात. जेवणासाठी सगळ्या घरांतून पातेली, पराती, ताटं गोळा केलेली असतात, ती धुऊन एकीकडे रचायची, आणि एकीने वरचं नाव वाचायचं, ज्याचं त्याने उचलायचं. वाचायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, कारण मला पटापट वाचता येतं. त्या दुपारीही मी वाचत होते. अमक्याकडून सप्रेम भेट, मुक्काम येरवडा, खाली साल. मी एक ताट उचललं, वाचलं, आणि थांबले.

"काय वो, कोणाचं हाये?" पलीकडून एकीने विचारलं.

मी ते ताट परत वाचलं. देणाऱ्याचं नाव, त्याचा मुक्काम, लग्नाचं साल. आमच्याकडे लग्नात आंदण म्हणून भांडी देतात आणि देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. ज्याने मुक्काम येरवडा असं कोरून दिलं तो त्या साली येरवड्यात राहत होता. माझ्यापुढे अख्खी वस्ती रचून ठेवलेली होती आणि मी ती दर वर्षी वाचून वाटून टाकत होते.

"बाई गं, भूक लागली का तुले?" दुसरी म्हणाली. "ताटाकडे काहून पाहून राहिली?"

त्यानंतर दोन महिने मी घरोघर हिंडले. कामावरून आले की एखाद्या घरी जायचं, माळ्यावरची भांडी काढायला लावायची, मोबाइलवर फोटो घ्यायचा, वहीत उतरवून घ्यायचं. पहिल्यांदा बायका हसल्या. एकीने विचारलं, "भंगारवाला आहे का कोणी ओळखीचा?" पण नंतर स्वतःहून बोलवायला लागल्या. कुणाच्या घरी जास्त जुनं भांडं आहे यावर पैजा लागल्या. सगळ्यांत जुनं साल सापडलं ते ज्यांना वस्तीत सगळे मोठीमाय म्हणतात त्यांच्याकडे. त्यांच्या पितळी परातीवर. त्यांचं नाव, मुक्काम येरवडा, खाली साल. आम्ही परातीला कोपरही म्हणतो. इतर कुठल्याही भांड्यापेक्षा ते साल काही वर्षं आधीचं होतं. मोठीमाय आधीपासून म्हणायच्याच, "सगळ्यात पयले आमी आलो. बाकीचे मागून." आता त्याला पुरावा मिळाला होता. मी सगळा निबंध त्या परातीवर रचला. पहिलं वाक्यच परातीचं होतं.

सर या वेळी खुर्चीत सरळ बसले. फोटो मोठा करून बघितला.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. पुण्यात आल्यापासून एवढं मोठं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. "आता एक करा. साधन म्हणजे साक्षीदार. त्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडायचं नाही. ही परात कुठे कोरली, कुणी कोरली, निदान अशी अक्षरं त्या काळी कशी घालत, एवढी एक तळटीप टाका. पुढच्या रविवारी आणा, मी पाठवून देतो."

एकच तळटीप राहिली होती. मंगळवारी पोळ्या आटोपून मी मोठीमायकडून परात घेतली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मेट्रोने निघाले. स्टेशनवर तपासणीच्या पट्ट्यावर ठेवली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "काय आहे यात?" मी म्हणाले, "साधन आहे." त्यांनी लुगडं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या परातीत किती जणांचं मळता?"

पेठेतल्या त्या दुकानाचा पत्ता मला कोथरूडच्या एका आजींनी दिला होता. काका एका डब्याच्या झाकणावर नाव घालत होते. मला म्हणाले, "ठेवा. काय घालायचं?"

"घालायचं नाही, काका. घातलेलं आहे. ते कसं घातलंय ते विचारायचं होतं."

"दुकानात विचारा. मी घालतो, शिकवत नाही."

मी निबंधाचं सांगितलं. इतिहास, वस्ती, सर, रविवार. ते ऐकत होते की नाही कळेना, मशीनचा आवाज चालू होता. मग मशीन बंद झालं. त्यांनी परात मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर सारला, आणि अक्षरांकडे न बघता परातीच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग वरून बघितलं.

"हे साल खरं नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, चष्मा नाही म्हणून वाचता आलं नाही. मी साल वाचून दाखवलं.

"वाचता येतं मला. हे मशीनवर घातलंय. छिन्नीनं घातलं असतं तर मागून खडे हाताला लागले असते. छिन्नी ठोकली की पत्र्याला मागून उठाव येतोच. इथे गुळगुळीत आहे. या साली मशीन होतं कुठे? माझ्याकडे आलं ते त्याच्या किती वर्षांनी."

"दुसऱ्या कुणाकडे असेल."

"असेल. पण हे माझं आहे." त्यांनी नावाच्या शेवटी काढलेल्या बारीक पानावर बोट ठेवलं. "असं पान मी काढतो. तिरकं. वडील सरळ काढायचे. हा हात माझा आहे, बाई."

मी पायरीवर बसले. ते म्हणाले, "पाणी पिणार?" मी म्हणाले, "मग त्यांनी खोटं साल का घातलं?"

"मी का विचारीन? लोक सांगतात ते मी घालतो. मी काय कोर्ट आहे?"

त्या वेळी माझ्या मनात आलं ते लिहितेच. मनात आलं, सर काही परातीवर अंगठा फिरवणार नाहीत. त्यांच्याकडे फोटो आहे, आणि फोटोला मागची बाजू नसते. काकांशिवाय हे कुणालाच कळणार नाही. निबंध जाईल, एम.ए. होईल. मी परात गुंडाळायला लागले. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "बसा जरा. अशी किती भांडी पाहिलीत?"

मी वही दाखवली. ते पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "फोटोवरून नाही सांगता येणार. हात लावायला पाहिजे. गुरुवारी दुकान बंद असतं. जेवायला घालणार असाल तर येतो."

मी परातीसकट घरी आले तेव्हा मोठीमाय ओट्यावर बसल्या होत्या. "काहून वो, परात नेली अन् तोंड उतरवून आणलं?" मी सांगितलं. वाटलं चिडतील.

"मंग मी लबाड आहो का?"

"नाही मोठीमाय. पण अक्षरं नंतर घातलेली आहेत."

"तं असतीनच. दोघी सुना वाटे मांगत होत्या, भांड्याईवरून रोज कटकट. मी सगळे भांडे पेठेत नेले अन् नावं टाकून आणले. पयले कोरेच होते ते. लग्नाचं साल मी सांगितलं. आता लग्नाचं साल बाई भुलते का?"

"भुलत नाही. पण परातीने ते पाहिलेलं नाही ना. तुम्ही सांगितलेलं आहे."

"मीच तं पाह्यलं," मोठीमाय म्हणाल्या. "परात काय पाहाणार हाये?"

हे मी तसंच वहीत लिहून घेतलं. पण त्या साली त्या स्वतः येरवड्यात आल्या होत्या की अजून गावाकडेच होत्या, हे विचारल्यावर त्या अडखळल्या. लग्न गावाला झालं होतं. मुक्काम येरवडा हे नावं टाकताना राहत होत्या तिथलं घातलं होतं. लबाडी कुणीच केली नव्हती. मीच घाई केली होती. कोरलेलं आहे म्हणजे त्या वेळचंच आहे, असं मी धरून चालले, कारण लहानपणापासून कोरलेल्या अक्षरावर माझा फार विश्वास. आमच्या घरात दुसरं काही वाचायला नव्हतं. भांड्यांवरचीच अक्षरं वाचत मी वाचायला शिकले होते.

गुरुवारी काका आले. इस्त्रीचा सदरा घालून, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. विहाराच्या ओसरीत सतरंजी टाकली होती आणि बायकांनी पुन्हा सगळी भांडी आणून रचली होती. काका मांडी घालून बसले. एकेक भांडं हातात घ्यायचं, मागून अंगठा फिरवायचा, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचं. डावीकडे छिन्नी, उजवीकडे मशीन. मी लिहीत होते. बायका पुढे सरकून बघू लागल्या. मोठीमायसुद्धा येऊन बसल्या.

"हा पण तुमचाच का?" एकीने तिचा डबा पुढे केला.

"नाही. हे कुणातरी घाईच्या माणसाचं आहे. ओळ खाली गेलीय बघा. लग्न दुसऱ्या दिवशी असणार."

"होतंच ना," ती म्हणाली. "माझ्या मामानं ऐन वेळी घेतला."

डावीकडची भांडी कमीच निघाली. त्यांतला सगळ्यांत जुना एक तांब्या होता, आमच्या गल्लीतल्याच एका घरातला. पोचे पडलेला, दोऱ्याने बांधून ठेवलेला. त्याच्यावरचं साल परातीच्या सालानंतर काही वर्षांचं होतं. काकांनी त्याच्या तोंडातून दोन बोटं आत घातली, आतून चाचपडलं आणि नुसती मान डोलावली.

जेवण झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "काका, मशीन अमक्या साली आलं हे तुम्ही सांगता. सर म्हणतील, तेही सांगितलेलंच झालं. मोठीमायसारखंच."

मला वाटलं होतं आता 'विदुषी' येणार. ते हसले. वर्तमानपत्र सोडलं. आत एक स्टीलचं ताट होतं, मधोमध घासून पांढरं पडलेलं. "मशीन आलं त्या दिवशी पहिला हात या ताटावर चालवला. घरचंच होतं, बिघडलं तरी आपलंच." कडेला वेडंवाकडं त्यांचं नाव होतं आणि खाली तारीख, महिना, साल. अक्षर थरथरलेलं. "याच्यातच जेवतो मी. रविवारी सरांना दाखवा आणि सोमवारी आणून द्या. तोवर बायकोच्या ताटात जेवीन."

शुक्रवार आणि शनिवार मी कामावर सुट्टी मागितली. सहापैकी पाच घरांनी काही न विचारता दिली. सहाव्या घरच्या ताईंनी विचारलं, "काय आहे, लग्न?" मी म्हणाले, "निबंध आहे." त्या म्हणाल्या, "मग जा. लग्न असतं तर एकच दिवस दिला असता." निबंधातलं पहिलं वाक्य मी खोडलं. परात ठेवली, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे लिहिलं. काकांचं सगळं मी तळटिपेत घातलं, लांबलचक, पानभर.

रविवारी सरांपुढे निबंध ठेवला आणि शेजारी ते ताट ठेवलं. आधी घडलं तसं सगळं सांगून टाकलं, म्हणजे मध्ये थांबायची सोय राहणार नव्हती. सर ऐकत होते. मग त्यांनी ताट उचललं आणि मागून अंगठा फिरवला. तांब्या मी पिशवीत आणला होता. तो दिल्यावर त्यांनीही दोन बोटं आत घातली. बराच वेळ चाचपडत राहिले.

"ही तळटीप चुकीची आहे," ते म्हणाले.

मी खोडायला पेन काढलं.

"तळटीप नाही ही. निबंधच हा आहे. खालचं वर घ्या. आणि हे वाक्य कुणी लिहिलं?"

त्यांनी बोट ठेवलं होतं ते वाक्य असं होतं: या भांड्यांवरून इतकं म्हणता येतं, याहून जास्त म्हणता येत नाही.

"मीच," मी म्हणाले.

सरांनी त्याखाली पेनाने रेघ मारली. "दहा वर्षं मी हे वाक्य लिहायला शिकवतोय," ते म्हणाले. "लिहीत कुणी नाही. बुधवारपर्यंत नीट करून द्या, मी पाठवतो."

निबंध गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम होत्या. त्यांनी सगळे प्रश्न तांब्यावरच विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "हा आम्हाला बघायला मिळेल का?" मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. तिथे बसलेल्या सगळ्यांनी आळीपाळीने त्यात बोटं घातली. माझ्या आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि मी तो लपवणार नाही. आमच्या गल्लीतला पोचे पडलेला तांब्या पाच शिकलेल्या माणसांच्या हातातून फिरत होता आणि त्याला काय विचारायचं हे त्यांना मी सांगत होते. केंद्राच्या फलकावर निकाल लागला तेव्हा माझ्या विषयापुढे 'उत्कृष्ट' लिहिलेलं होतं. मी त्याचा फोटो घेतला, आणि ओळखपत्र चाचपून बघायला विसरले. घरी आल्यावर ते लक्षात आलं.

वस्तीत थोडी नाराजी झाली. निबंधाने आपल्या वस्तीचं वय काही वर्षांनी कमी केलं, असं एकदोघांचं म्हणणं. मोठीमायनी त्यांना परस्पर उत्तर दिलं, "कमी सांगितलं पण पक्कं सांगितलं. आता कोण काढते आपल्याले?" आणि त्यांनी परात मला ठेवायला दिली. मी परत केली. पराती फोटोसाठी ठेवायच्या नसतात, पोळ्यांना लागतात.

ताट परत द्यायला मी कबूल केल्याप्रमाणे सोमवारीच गेले होते. निकालानंतर पुन्हा गेले. काकांना छापून बांधून घेतलेला निबंध दाखवला. ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे; इथे नाही घातलं, पण तिथे आहे, आणि खरं आहे. त्यांनी ते वाचलं, छापलेल्या अक्षरावरून सवयीने अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सपाट आहे." डोळ्यांना मोतीबिंदू झालाय, वर्षभरात बसणं बंद करीन म्हणाले. मुलगा या कामात नाही. मग एकदम विचारलं, "बाई, तुम्हाला आता शोधता येतं. मी घातलेली नावं या गावात किती घरांत असतील हो?"

मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, "मलाही नाही. लोकांचीच नावं घातली सगळी. माझं एका ताटावर."

काका, हे तुमच्यासाठी लिहिते. मी पोळ्या करते त्या सहा घरांतली भांडी पालथी घालून झाली आहेत. तिरकं पान मला आता लांबून ओळखू येतं. वस्तीतल्या बायका कोथरूडला, पेठांत, नगर रोडला कामाला जातात, त्यांनाही ते पान दाखवून ठेवलंय. तुमचं ऋण आज फिटत नाही, पण एक दिवस मी तुमच्या पायरीवर येऊन बसेन आणि तुमच्या हातची भांडी कुठे कुठे, कुणाच्या घरी, कुठल्या लग्नातली आहेत ती यादी तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. वाचायचं काम माझ्याकडेच असतं.